वावरातले बिनस्क्रीनचे रास्पबेरी पाय: ब्राउझरमध्ये पान उघडलं नाही तर नेमकं काय बंद आहे, हे कसं ओळखावं?

काळीमाती

ठिकाण समुद्रपूर तालुका, जिल्हा वर्धा. एकूण सहा रास्पबेरी पाय (तळहाताएवढे छोटे संगणक) आहेत. तीन विहिरींवर झिरो २ डब्ल्यू (पाण्याची पातळी आणि मोटरचा करंट), सोयाबीनच्या गोदामात ३बी (तापमान, आर्द्रता), शाळेत पाय ४ (ऑफलाइन धडे) आणि घरी पाय ४, ४ जीबीचा. एकालाही स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. विहिरींवर ४जी डोंगल, बाकी ठिकाणी वायफाय.

सध्या प्रत्येकावर आरपीआय-मॉनिटर (पायची तब्येत ब्राउझरमध्ये दाखवणारा प्रोग्राम) आहे, पोर्ट ८८८८. चालू असतो तेव्हा आलेख झकास दिसतात. पण पान उघडलं नाही की लाईन गेली, रेंज गेली, कार्ड गेलं की पायच गेला, काहीच कळत नाही. गाडी काढून वावरात जावं तर तिथे सगळं सुरूच असते. फोनच्या ब्राउझरमध्ये सहाही एका पानावर दिसावेत आणि कारणही कळावं, एवढंच पाहिजे. डोंगलचा डेटा रोज १.५ जीबी.

वैनगंगा

आरपीआय-मॉनिटर काढून ग्लान्सेस लावा (पोर्ट ६१२०८) की नेटडेटा (१९९९९), हा प्रश्न तसाच राहणार. ही सगळी पानं त्या यंत्राच्याच पोटातून येतात, आणि मेलेल्याला "मेलास का" विचारता येत नाही. म्हणून दिशा उलटी करा. प्रत्येक पायने ठरल्या वेळी घरच्या पायला हाक द्यायची. हाक थांबली की घरच्याने तुम्हाला उठवायचं.

घरच्या पाय ४ वर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळा बांधून चालवायची सोय) अपटाइम कुमा टाका, पोर्ट ३००१. कोण जागा आणि कोण गप्प, यावर तो नजर ठेवतो. प्रत्येक ठिकाणासाठी 'पुश' प्रकारचा मॉनिटर बनवला की तो एक यूआरएल देतो. विहिरीवरचा पाय दर ५ मिनिटांनी कर्लने ती यूआरएल उघडतो, बस्स. पाय ३०० सेकंदांनी हाक देत असेल तर कुमामध्ये इंटर्वल ४०० ठेवा. बरोबर ३०० ठेवला तर एक हाक दहा सेकंद उशिरा आली तरी लाल होते, आणि आठवडाभरात माणूस लालकडे पाहणंच सोडते. रिट्राय २ आणि त्याचाही इंटर्वल ४०० ठेवला की हाक थांबल्यावर साधारण वीस मिनिटांत टेलिग्रामवर निरोप येतो.

कर्लला 'एम १०' हा पर्याय विसरू नका, म्हणजे दहा सेकंदांत उत्तर नाही आलं तर सोडून देणे. अर्धवट रेंजमध्ये कर्ल लटकून बसतो, पाच मिनिटांनी दुसरा येतो, मग तिसरा, आणि ५१२ एमबीचा झिरो दिवसभरात गुदमरतो. ठरल्या वेळी काम चालवायला क्रॉनपेक्षा सिस्टमडीचा टायमर बरा, तो आधीचं काम संपल्याशिवाय दुसरं सुरू करत नाही. ऑन-बूट-सेक २ मिनिटं, ऑन-युनिट-ॲक्टिव्ह-सेक ५ मिनिटं.

डेटाची चिंता नको. दिवसाला २८८ हाका, एक हाक सगळं धरून पाच-सहा केबी. दोन एमबीच्या आत भागते.

पऱ्हाटी

वैनगंगाताई, हाक बरोबर आहे, पण नुसती "मी आहे" अशी हाक अर्धीच कामाची. कुमाच्या पुश यूआरएलमध्ये 'एमएसजी' नावाची जागा असते. तिथे चार आकडे भरून पाठवा, ते थेट पानावर दिसतात. सगळ्यात पहिला आकडा अपटाइमचा, म्हणजे पाय सुरू होऊन किती वेळ झाला (/प्रोक/अपटाइम या फाइलीतला पहिला आकडा, सेकंदांत). काळीमातीभाऊ, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ह्याच एका आकड्यात आहे.

तीन तास गप्प राहून हाक वापस आली आणि अपटाइम चार मिनिटं दिसला, तर पाय बंद पडून नव्याने सुरू झाला. म्हणजे वीज, बॅटरी, नाहीतर वॉचडॉगने (यंत्र अडकलं की ते पुन्हा सुरू करणारी सोय) केलेला रीस्टार्ट. तीच हाक अपटाइम बावीस दिवस घेऊन आली, तर पाय पूर्ण वेळ जागाच होता, फक्त नेट नव्हतं. त्यासाठी गाडी काढायची गरज नाही. तिन्ही विहिरी एकाच मिनिटाला गप्प झाल्या तर टॉवर. एकच गप्प झाली तर मग त्या डब्ब्याकडे पाहा.

आता कार्डाचं. एसडी कार्ड बिघडायला लागलं की कर्नल (सिस्टीमचा गाभा) फाइलसिस्टीम 'फक्त वाचा' अवस्थेत टाकतो. मग गंमत अशी होते की आधीच रॅममध्ये असलेले प्रोग्राम चालत राहतात. पान उघडते, तापमान दिसते, हाकसुद्धा येते, आणि पातळीची नोंद मात्र चार दिवसांपासून झालेलीच नसते. म्हणून हाक देण्याआधी स्क्रिप्टने कार्डावर एक छोटी फाइल लिहावी, सिंक करावं (म्हणजे ती रॅममधून खरंच कार्डावर उतरवावी) आणि ते जमलं तरच कर्ल चालवावा. लिहिता आलं नाही तर गप्प राहावं, किंवा स्टेटस डाऊन म्हणून हाक द्यावी. दुसरं जास्त बरं, त्यातून कारणही कळते.

एक पेच आहे. रास्पी-कॉन्फिगमधून (पायच्या सेटिंगचा प्रोग्राम) ओव्हरले फाइलसिस्टीम सुरू केली असेल तर ही परीक्षा खोटी ठरते. लिहिलेलं सगळं रॅममध्ये जाते, त्यामुळे कार्ड मेलं तरी पास. तिथे उलट कार्डावरून वाचून पाहा: डीडी कमांडने एमएमसीबीएलके० (म्हणजे कार्ड) वरचे काही एमबी, आयफ्लॅग डायरेक्ट लावून. डायरेक्ट नसलं तर तेही रॅममधल्या साठ्यातूनच मिळते.

टिनशेड

दुसरा आकडा तापमान, तिसरा थ्रॉटल (गरमी किंवा कमी व्होल्टेजमुळे पायने स्वतःचा वेग दाबणं). कमांडा इथे उच्चारासारख्या लिहितो, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं.

तापमान /सिस/क्लास/थर्मल/थर्मल_झोन० मधल्या 'टेम्प' फाइलीत असते. ५८४१० असं दिसलं तर हजाराने भागा, ५८.४१ अंश. याला कोणतीही परवानगी लागत नाही.

थ्रॉटलसाठी 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड'. ही कमांड हाताने चालते आणि स्क्रिप्टमधून चालत नाही, अशी तक्रार कायम येते. ज्या यूजरच्या नावाने स्क्रिप्ट चालते तो 'व्हिडिओ' ग्रुपमध्ये पाहिजे, एवढंच कारण. उत्तर ०एक्स० आलं तर सगळं ठीक. शेवटचा आकडा आत्ताचं सांगतो: १ म्हणजे व्होल्टेज कमी, २ म्हणजे वेग बांधलेला, ४ म्हणजे थ्रॉटल सुरू, ८ म्हणजे तापमानाची मऊ मर्यादा लागली. ०एक्सच्या पुढचा पहिला आकडा, त्याच क्रमाने, सुरू झाल्यापासून कधीतरी झालं होतं ते सांगतो. एकाहून जास्त गोष्टी असल्या की बेरीज येते (५ म्हणजे १ आणि ४). म्हणजे ०एक्स५०००० आलं तर व्होल्टेज पडलं होतं आणि थ्रॉटलही झालं होतं, पण आत्ता नाही. ०एक्स५०००५ म्हणजे आत्ताही सुरू आहे. रीस्टार्टशिवाय हा जुना डाग पुसत नाही, त्यामुळे हा आकडा अपटाइमच्या शेजारी ठेवूनच वाचा.

पाय ८० अंशांवर वेग कमी करायला लागतो, ८५ वर आणखी आवळतो. (३बी प्लस ६० लाच १.४ वरून १.२ गिगाहर्ट्झवर येतो, तो बिघाड नाही.) आपल्याकडे नवतपात टिनाच्या शेडमधल्या बंद प्लास्टिक डब्ब्यात आतली हवाच ५५ च्या वर जाते. त्यावर पायची स्वतःची वीस-पंचवीस अंश गरमी. पंखा बंद डब्ब्यात तीच गरम हवा फिरवतो, त्याने काही होत नाही. डब्बा पांढरा, भिंतीच्या उत्तरेला, भिंतीपासून दोन इंच सुटा, वर टिनाचा किंवा लाकडाचा दुसरा आडोसा. ॲल्युमिनियमचं केस लावून ते डब्ब्याच्या धातूच्या पाठीला टेकवलं तर गरमी बाहेर जायला वाट मिळते. निरोपाची मर्यादा ७५ ठेवा. ८० ठेवली तर निरोप येईपर्यंत वेग कमी झालेला असतो.

वायरमनभाऊ

टिनशेड भाऊ, बाकी सगळं बरोबर, पण व्होल्टेजचा बिट झिरोवर पाहून काही उपयोग नाही. कमी व्होल्टेज ओळखणारं सर्किट बी प्लसपासून पुढच्या पायांवर आहे, झिरोच्या कुटुंबात ते दिलेलंच नाही. विहिरीवरच्या तिघांवर तो बिट कायम शून्यच दिसणार, व्होल्टेज कितीही पडो. गोदामातल्या ३बी ला आणि शाळेतल्या ४ ला मात्र लागू.

ज्यांना आहे त्यांना मर्यादा ४.६३ व्होल्टची. आणि ते पडते ते चार्जरमुळे कमी, केबलमुळे जास्त. हिशोब करून पाहा. २४ गेजच्या (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण ०.०८४ ओहम. दोन मीटरची केबल म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर, ०.३४ ओहम. पायने दीड अँपिअर ओढला की अर्धा व्होल्ट वाटेतच गेला. ५.१ मधून ४.६ उरले. स्वस्त यूएसबी केबलमध्ये २८ गेज असते, तिथे तर मीटरभरात खेळ संपला. २० गेज वापरली तर दोन मीटरला तूट ०.२ व्होल्ट, चालते. मीटर नेहमी पायच्या पिनांवर लावून मोजा, पाय चालू असताना. बक कन्व्हर्टरच्या (व्होल्टेज उतरवणारा बोर्ड) तोंडाशी मोजलेले ५.१ मनाचं समाधान आहे.

झिरोवर व्होल्टेज पाहिजेच असेल तर आयएनए२१९ नावाचा व्होल्टेज मोजणारा छोटा बोर्ड आय-स्क्वेअर-सीवर (पायची दोन तारांची सेन्सर-जोडणी) लावा, पत्ता ०एक्स४०. बॅटरीकडच्या बाजूला लावला तर बॅटरी किती उरली हेही कळते, आणि ते जास्त कामाचं.

काळीमाती

वा. अपटाइमचं डोक्यातच आलं नव्हतं. आता लाईनचं सांगा. विहिरीवर १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी आहे, लाईन असताना चार्ज होते. लाईन आहे की नाही हा आकडाही हाकेत टाकता येईल का?

वायरमनभाऊ

येते. मोबाईलचा जुना चार्जर लाईनवर लावा. त्याचे ५ व्होल्ट थेट पायच्या पिनेला कधीच द्यायचे नाहीत, पिना ३.३ च्या आहेत, गेली तर गेली. मधे पीसी८१७ ऑप्टोकप्लर (उजेडाने इशारा पोचवून दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा भाग) घाला. चार्जरच्या बाजूला १ किलो-ओहमचा रेझिस्टर, करंट ४ मिलिअँपिअरच्या आसपास. पायच्या बाजूला कलेक्टर जीपीआयओ १७ ला (बोर्डावर मोजून सतरावी पिन नव्हे), एमिटर ग्राउंडला. कॉन्फिग फाइलीत 'जीपीआयओ=१७=आयपी,पीयू' ही ओळ. लाईन असली की पिन ०, गेली की १. उलटं वाटते, म्हणून स्क्रिप्टमध्येच पलटवून पाठवा, नाहीतर रात्री दोन वाजता डोकं चालत नाही.

तुमच्या बॅटरीचा हिशोब: १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-तास, शिसे-आम्लाची बॅटरी असल्याने अर्धीच वापरा, ४२. झिरो आणि डोंगल मिळून बकची तूट धरून साडेतीन वॉट. बारा तास निघतात. त्यामुळे "लाईन ०" ही हाक यायला लागल्यापासून बारा तासांनी पाय गप्प झाला तर बॅटरी उतरली असं समजा. एका तासात गप्प झाला तर बॅटरी म्हातारी झाली आहे.

तिन्ही फेजवर एकेक चार्जर लावून आर-वाय-बी वेगळे दाखवायची कल्पना बरेच जण काढतात. फीडरला थ्री फेज आली का, हे घरबसल्या कळायला ठीक आहे. पण सिंगल फेजिंगपासून मोटर वाचवायला त्यावर विसंबू नका. एक फेज गेली आणि मोटर फिरत राहिली तर मोटरच मेलेल्या फेजवर व्होल्टेज तयार करते. मोबाईलचा चार्जर शंभर व्होल्टवरही चालतो, त्याला फेज जिवंतच वाटते. खरं चित्र तिन्ही तारांच्या करंटवरून कळते. आणि मोटर वाचवायचं काम सिंगल फेज प्रिव्हेंटरचं, पायचं नाही.

सातपुडा

बाहेरून पोचण्याबद्दल कोणी बोललं नाही अजून. ४जी डोंगलवर पोर्ट फॉरवर्डिंग होत नाही, कंपनी एकाच पत्त्यामागे हजारो ग्राहक ठेवते. डोंगलला १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता मिळाला असेल तर हेच कारण, राऊटरच्या सेटिंगमध्ये डोकं फोडू नका.

सहाही पाय आणि तुमचा फोन टेलस्केलमध्ये (दूरची यंत्रं एका खाजगी जाळ्यात जोडणारी सोय) घ्या. मग हाक, पान, एसएसएच (दुरून कमांड देणं) सगळं त्यातूनच. सगळ्या घरांत १९२.१६८.१ चीच मालिका असते, तो गोंधळही मिटतो, कारण प्रत्येक यंत्राला वेगळा पत्ता मिळतो. पण एक खड्डा आहे: यंत्राची की (त्या जाळ्यातली ओळख) १८० दिवसांनी संपते. पावसाळ्यात लावलेले तीन पाय हिवाळ्यात एकाच आठवड्यात गायब होतात, तिकडे लाईन आहे, रेंज आहे, आणि लोक कार्ड बदलत बसतात. ॲडमिनच्या पानावर प्रत्येक पायसमोर 'डिसेबल की एक्स्पायरी' आत्ताच दाबून ठेवा.

हाकेने सांगितलं काहीतरी बिघडलं, मग आत शिरून पाहायला कॉकपिट. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल कॉकपिट', पोर्ट ९०९०. कोणी पान उघडलं तरच तो जागा होतो, म्हणून झिरोलाही परवडतो. लॉग, सर्व्हिस, डिस्क, टर्मिनल सगळं ब्राउझरमध्येच. सर्टिफिकेट स्वतःच बनवलेलं असल्याने ब्राउझर पहिल्यांदा घाबरवतो, ते अपेक्षित आहे. नेटडेटा झिरोवर नको, शंभर एमबीच्या वर रॅम सहज खातो.

फायरवॉलमध्ये ९०९०, ३००१, ८८८८ फक्त टेलस्केलच्या इंटरफेसवरून उघडे ठेवा. आरपीआय-मॉनिटर आणि ग्लान्सेस मुळात पासवर्ड विचारतच नाहीत. शाळेच्या वायफायवर हे विशेष पाहा, पोट्टे हुशार असतात.

काळीमाती

आलेखही हवे आहेत, निदान पातळीचे. प्रोमिथियस-ग्राफाना (एक आकडे ओढून साठवतो, दुसरा आलेख काढतो) लावायचं म्हटलं तर डोंगलचा डेटा पुरेल का?

वैनगंगा

पुरतो, पण सेटिंग जशीच्या तशी ठेवू नका. प्रत्येक पायवर बसून प्रोमिथियसला आकडे देणारा नोड-एक्स्पोर्टर (पोर्ट ९१००) एका खेपेला दाबून साधारण दहा-पंधरा केबी देतो. दर १५ सेकंदांनी ओढलं तर दिवसाला ५७६० खेपा, म्हणजे ऐंशी एमबीच्या आसपास. दर मिनिटाला ओढलं तर वीस. विहिरीची पातळी मिनिटात काय बदलणार, ५ मिनिटं ठेवली तरी चालते. मात्र त्याच्यापुढे जाऊ नका. पाच मिनिटांपेक्षा जुना आकडा प्रोमिथियस शिळा समजतो आणि आलेख तुटक येतो. खरं तर चार मिनिटं ठेवा, एखादी खेप हलली तरी जागा राहते. नको ते कलेक्टर (एक्स्पोर्टरचे आकडे गोळा करणारे भाग) बंद करा, नव्वद टक्के आकडे कोणी पाहत नाही.

पातळीचा आकडा टेक्स्टफाइल कलेक्टरमधून द्या. स्क्रिप्टने आधी दुसऱ्या नावाने फाइल लिहावी आणि मग 'एमव्ही'ने 'डॉट प्रॉम' नावावर आणावी. थेट लिहिलं तर एक्स्पोर्टर अर्धी फाइल वाचतो आणि आलेखात भलतंच काही येते.

पुशगेटवेच्या (पायने स्वतःहून आकडे पाठवून ठेवायची जागा) मोहात पडू नका. तो शेवटचा आकडा धरून बसतो. पाय मरून महिना झाला तरी पातळी ८.२ मीटर, सरळ रेघ. विहिरीला धक्का नाही, पाण्याला तोटा नाही!

आणि कॉकपिट व प्रोमिथियस दोघांचाही पोर्ट ९०९०. घरच्या पायवर दोन्ही लावले की जो नंतर येईल तो सुरू होणार नाही. प्रोमिथियसला ९०९१ द्या. कुमा आणि प्रोमिथियसचा डेटा एसएसडीवर ठेवा, कार्डावर नको.

पऱ्हाटी

घड्याळाचं राहिलं. पाय ४ पर्यंत कोणत्याच पायला बॅटरीवरचं घड्याळ नाही. लाईन-बॅटरी दोन्ही जाऊन वापस आली आणि नेट लगेच मिळालं नाही, तर पाय जुन्याच वेळेत जगतो. घड्याळ फार मागे असलं तर टीएलएसचं (सुरक्षित जोडणीचं) सर्टिफिकेट "अजून लागूच नाही" असं वाटते, कर्ल ६० क्रमांकाची चूक देतो आणि रेंज असूनही हाक जात नाही. विहिरीच्या नोंदीही चुकीच्या तारखेला पडतात. प्रोमिथियस स्वतः ओढतो तेव्हा तारीख घरच्या पायची लागते, त्यामुळे तो आलेख वाचतो. कार्डावर लिहिलेली नोंद मात्र वाचत नाही.

डीएस३२३१ चं घड्याळाचं मॉड्यूल लावा, पत्ता ०एक्स६८, कॉन्फिगमध्ये 'डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१'. वीज ३.३ च्या पिनेवरून द्या. बऱ्याच स्वस्त मॉड्यूलवर सेल चार्ज करायचं सर्किट असते. ५ व्होल्ट दिले तर साधा सीआर२०३२ सेलही ते चार्ज करत बसते, आणि तो फुगतो.

टिनशेड

डोंगल लटकणं हा चौथा प्रकार. पाय जिवंत, टॉवर जिवंत, डोंगल दगड. हार्डवेअर वॉचडॉग इथे कामाचा नाही. कर्नल अडकला तरच तो रीस्टार्ट करतो (मर्यादा १५ सेकंदांची, रनटाइम-वॉचडॉग-सेक १४ ठेवा). वेगळी स्क्रिप्ट लागते: दोन वेगवेगळे पत्ते ३० मिनिटं पिंग होत नसतील तर आधी डोंगलची वीज तोडून जोडायची, तरी नाही तर रीबूट. झिरोवर डोंगलच्या ५ व्होल्टमध्ये छोटा मॉसफेट स्विच घालावा लागतो.

रीबूटवर बंधन घाला, सहा तासांत एकदाच. गावची लाईन जाऊन टॉवरची बॅटरीही उतरली की रात्रभर रेंज नसते. बंधन नसलं तर पाय दर अर्ध्या तासाला उठबस करतो, त्यात कार्डाचं आयुष्य जाते आणि अपटाइमचा पुरावाही पुसला जातो.

काळीमाती

हाकेत आता हे टाकतो: अपटाइम, तापमान, लाईन, बॅटरीचं व्होल्टेज, कार्ड. ३बी आणि ४ वर थ्रॉटलही. एकच शंका: घरचाच पाय गेला तर?

सातपुडा

तर सगळीकडे शांतता, आणि शांतता म्हणजे सगळं ठीक असं वाटते. घरच्या पायने बाहेर कुठेतरी हाक द्यावी. हेल्थचेक्स डॉट आयओची फुकटची सोय एवढ्याला पुरते. बाहेरची सोय नको असेल तर शाळेच्या पाय ४ वर दुसरा कुमा टाका आणि दोघांना एकमेकांवर नजर ठेवायला लावा. मात्र गाव आणि फीडर एकच असेल तर दोघं सोबतच झोपतात, म्हणून पहिला उपाय बरा.

वायरमनभाऊ

डब्ब्यातल्या हवेचं तापमान मोजायला डीएस१८बी२० सेन्सर लावणार असाल (जीपीआयओ ४, ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर), तर स्क्रिप्टमध्ये बरोबर ८५.००० आलेला आकडा फेकून द्या. वीज मिळाल्या मिळाल्या मोजणी व्हायच्या आधी तो सेन्सर ८५ च सांगतो. लांब वायर आणि ढिला जोड असला की दिवसातून दहादा ८५ येते. इतर ठिकाणी लोक ते पाहून हसतात, आपल्याकडे मे महिन्यात खरं वाटते.

काळीमाती

हाव, खरंच वाटलं असतं. वायर पाच मीटरची आहे, जोड सोल्डर करून घेतो.